घरच्या कार्यशाळेत बुलडोझर : एक अभ्यासपाठ

इतिहासाच्या शिक्षकाने बुलडोझर बनविला असे सांगितले, तर ऐकणारा आधी हसतो. आमच्या बाबतीतही तसेच झाले. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन उन्हाळी सुट्ट्या आणि मधला एक पावसाळा खर्ची घालून आम्ही रेडिओ-नियंत्रणावर चालणारी बुलडोझरची प्रतिकृती तयार केली. ती सुमारे ४३ सेंटिमीटर लांब असून तिचे वजन साडेअकरा किलो आहे. तिच्याविषयी स्मरणिकेत लिहावे असे सुचविण्यात आले, तेव्हा आम्ही दोन कारणांनी होकार दिला. पहिले कारण असे की, गणित, विज्ञान आणि इतिहास हे तिन्ही विषय एकाच टेबलावर आणणारा इतका चांगला पाठ आम्हांला तीस वर्षांच्या अध्यापनात दुसरा सापडला नव्हता. दुसरे कारण म्हणजे या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचे आमच्यावरील ऋण. ते क्रमाने पुढे येईल.

१. यंत्र आणि त्याचे नाव

कोणतीही वस्तू घडविण्यापूर्वी तिचा इतिहास पाहावा, ही आमची जुनी खोड. बुलडोझरचा पाया म्हणजे त्याचा साखळीपट्टा. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात स्टॉक्टन शहराजवळची जमीन इतकी भुसभुशीत होती की, वाफेवर चालणाऱ्या जड ट्रॅक्टरची चाके तीत रुतून बसत. बेंजामिन होल्ट या कारखानदाराने चाके काढून त्या जागी लाकडी फळ्यांचे फिरते पट्टे बसविले आणि २४ नोव्हेंबर १९०४ रोजी त्यांची चाचणी घेतली. होल्ट आणि बेस्ट या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या १९२५ मध्ये एकत्र आल्या आणि कॅटरपिलर ट्रॅक्टर कंपनी अस्तित्वात आली. या ट्रॅक्टरपुढे माती ढकलणारे पाते बसविण्याच्या इतिहासात १९२३ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी कॅन्सस राज्यात जेम्स कमिंग्ज हा शेतकरी आणि जे. अर्ल मॅक्लाउड हा नकाशे काढणारा आरेखक, अशा दोघांनी मिळून असे पाते तयार केले. तेलाच्या नळांसाठी खणलेले चर पुन्हा बुजविणे हे त्याचे काम होते. एकाच्या हातात पेन्सिल होती, दुसऱ्याला माती ठाऊक होती. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा.

यंत्राच्या नावाचा इतिहास मात्र काळा आहे. अमेरिकेच्या पंधराव्या घटनादुरुस्तीने १८७० साली वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास बंदी घातली. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, १८७६ च्या निवडणुकीच्या सुमारास, लुइझियाना राज्यात कृष्णवर्णीय मतदारांनी मतदान करू नये म्हणून गोऱ्यांच्या टोळ्या त्यांना चाबकाने फोडून काढीत, प्रसंगी ठार करीत. या दहशतीला तेथे ‘बुलडोझिंग’ म्हणत. बैलाला पुरेल एवढी फटक्यांची मात्रा, असा त्या शब्दाचा एक अर्थ सांगितला जातो. समोर येईल ते बळाने रेटणे, हा अर्थ घेऊन तोच शब्द पुढे या यंत्राला चिकटला.

या शब्दाचा पुढचा प्रवास आपल्या देशापर्यंत येतो. दुसऱ्या महायुद्धात चीनला रसद पोहोचविण्यासाठी आसाममधील लेडो येथून ब्रह्मदेशाच्या डोंगरांतून रस्ता काढण्यात आला. अमेरिकी अभियंता पलटणींनी डिसेंबर १९४२ मध्ये हे काम हाती घेतले आणि जानेवारी १९४५ मध्ये त्या मार्गाने पहिला वाहनांचा ताफा निघाला. त्या रस्त्यावर राबलेल्या सुमारे १५,००० अमेरिकी सैनिकांपैकी जवळजवळ ६० टक्के कृष्णवर्णीय होते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना मतपेटीपासून दूर ठेवण्यासाठी हा शब्द जन्मला, त्यांचेच नातू आसामच्या चिखलात बुलडोझर चालवीत होते. त्यांच्याबरोबर हजारो स्थानिक मजूर हातांनी माती उपसत होते. स्वतंत्र भारतात १९६४ साली भारत अर्थ मूव्हर्स ही सार्वजनिक कंपनी स्थापन झाली आणि पुढे कोलार गोल्ड फील्ड्स येथील तिच्या कारखान्यात बुलडोझर तयार होऊ लागले.

२. एका फुटाला एक इंच

प्रतिकृती म्हणजे खेळणे नव्हे. खेळण्यात आकार साधारण जमला की पुरते. प्रतिकृतीत प्रत्येक माप मूळ यंत्राशी एकाच प्रमाणात असावे लागते. आम्ही सुमारे २० टनांचा मध्यम बुलडोझर डोळ्यांपुढे ठेवला आणि १ : १२ हे प्रमाण निवडले. एका फुटाला एक इंच, असे ते मुलांना चटकन समजते. पात्यासह सव्वापाच मीटर लांबीचे यंत्र ४३ ते ४४ सेंटिमीटरचे होते आणि साडेतीन मीटरचे पाते २९ सेंटिमीटरचे.

“लांबी बारा पटींनी कमी झाली, तर वजन किती पटींनी कमी होईल?” हा प्रश्न आम्ही सातवी ते दहावीच्या अनेक मुलांना विचारला. बहुतेकांचे उत्तर ‘बारा’ असेच आले. वास्तविक लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही बारा पटींनी घटतात. म्हणून वजन १२ × १२ × १२, म्हणजे १७२८ पटींनी घटते. २०,००० किलोला १७२८ ने भागले की साडेअकरा किलो येतात. पट्ट्यांनी जमिनीवर व्यापलेले क्षेत्रफळ मात्र १४४ पटींनीच घटते. परिणामी जमिनीवरचा दाब बाराव्या हिश्श्यावर येतो. खरे यंत्र दर चौरस सेंटिमीटरला सुमारे पाऊण किलो दाब देते, तर आमचे केवळ ६० ग्रॅम. यंत्र लहान करता येते, माती लहान करता येत नाही. अंगणातले साधे ढेकूळ आमच्या बुलडोझरसाठी धोंडा ठरते. त्यामुळे चाचणीची माती आम्हांला चाळून घ्यावी लागली.

३. साखळीपट्टा

या कामातील सर्वांत किचकट भाग म्हणजे पट्टा. मागे दातेरी चाक, पुढे मोकळे फिरणारे चाक, खाली भार वाहणारे रोलर आणि या सर्वांभोवती फिरणारी साखळी, अशी त्याची रचना असते. पुढच्या चाकामागे स्प्रिंग व स्क्रू असतो. त्याने साखळीचा ताण कमी-जास्त करता येतो.

खऱ्या यंत्रातील साखळीच्या दोन लगतच्या पिनांमधील अंतर सुमारे २०३ मिलिमीटर असते. आमच्या प्रमाणात ते १७ मिलिमीटर आले. एका बाजूला ३८ कड्या, प्रत्येक कडीला दोन लोखंडी पट्ट्या, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून १५२ पट्ट्या. प्रत्येक पट्टीत पिनांची दोन भोके, म्हणजे ३०४ भोके. शिवाय जमिनीला टेकणारे ७६ तळवे आणि त्यांचे स्क्रू वेगळेच. शेगड्यात पट्टी धरायची, हॅक्सॉने कापायची, कानशीने कडा मारायच्या, सेंटर पंचाने खूण करायची आणि मग ड्रिल लावायचे. हे काम आम्ही चार महिने करीत होतो.

दातेरी चाकाचे गणित मोठे सुंदर आहे. पुष्कळ बुलडोझरांत त्याचे दाते मुद्दाम विषम संख्येत ठेवतात आणि साखळीची प्रत्येक कडी दोन दात्यांचे अंतर व्यापते. २५ दाते असतील, तर एका फेऱ्यात साडेबारा कड्या पुढे सरकतात. त्यामुळे पहिल्या फेऱ्यात मोकळा राहिलेला दाता दुसऱ्या फेऱ्यात कामाला येतो आणि झीज सर्व दात्यांत सारखी वाटली जाते. आम्ही २५ दात्यांचे चाक जाड पत्र्यातून लेसरवर कापून घेतले. ते आमच्या हाताच्या आवाक्यातले काम नव्हते.

४. गती आणि बळ

खरा बुलडोझर पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने, ताशी साडेतीन-चार किलोमीटर वेगाने चालतो. त्या वेगाचा बारावा हिस्सा म्हणजे सेकंदाला आठ-नऊ सेंटिमीटर. दातेरी चाकाच्या एका फेऱ्यात साडेबारा कड्या, म्हणजे सुमारे २१ सेंटिमीटर अंतर कापले जाते. यावरून चाकाने मिनिटाला सुमारे २५ फेरे घेतले पाहिजेत, हे मुलांनीच काढले. बाजारात ३० फेऱ्यांच्या १२ व्होल्ट गिअर मोटारी मिळतात. प्रत्येक पट्ट्याला एक अशा दोन आम्ही घेतल्या. साडेअकरा किलोचे यंत्र पट्टा घसरेपर्यंत जास्तीत जास्त सात-आठ किलोचे बळ लावू शकते. ते दोन पट्ट्यांत विभागले आणि चाकाची साडेतीन सेंटिमीटर त्रिज्या धरली, तर प्रत्येक मोटारीने किमान १५ किलो-सेंटिमीटर पीळ दिला पाहिजे.

बॅटरीबाबत प्रतिकृती बनविणारे सहसा हलक्या लिथियम बॅटरीकडे वळतात. आम्ही यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बंद शिशाची बॅटरी घेतली. तिचे वजन दोन किलोंहून अधिक आहे. विमानाला ते भारी पडले असते. बुलडोझरला वजन हवेच असते. ती तळाशी आणि थोडी मागे बसविल्यामुळे पुढच्या पात्याचा भारही तोलला गेला.

५. अदृश्य लगाम

रेडिओवर यंत्र चालविणे ही कल्पना नवी नाही. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यू यॉर्कमध्ये तारेविना चालणारी छोटी नाव पाण्याच्या हौदात फिरवून दाखविली होती. आजच्या संचात हातातला प्रक्षेपक २.४ गिगाहर्ट्‌झवर संदेश पाठवितो. यंत्रातील ग्राहक तो संदेश विजेच्या छोट्या स्पंदांत बदलतो. हे स्पंद सेकंदाला ५० वेळा निघतात. स्पंद दीड मिलिसेकंदाचा असेल तर मोटार थांबते, दोनकडे गेला तर पुढे आणि एककडे आला तर मागे फिरते. स्पंदाच्या लांबीनुसार मोटारीला वीज देणारा वेग-नियंत्रक मधे असतो.

डाव्या दांडीवर डावा पट्टा आणि उजव्या दांडीवर उजवा, अशी सर्वांत सोपी योजना आम्ही केली. दोन्ही दांड्या पुढे केल्या की यंत्र सरळ जाते. एक पुढे आणि एक मागे केली की ते जागच्या जागी वळते. प्रक्षेपकाची एक दांडी सोडल्यावर मध्यावर परतत नव्हती, कारण ती विमानासाठी तशी ठेवलेली असते. तिला स्प्रिंग बसवावी लागली. संदेश तुटला तर मोटारी आपोआप थांबतील, अशी ग्राहकाची मांडणी आरंभीच करून घ्यावी. साडेअकरा किलोचे लोखंड मुलांच्या पायांवरून जाऊ नये, ही पहिली अट. पात्याची वर-खाली हालचाल तिसऱ्या वाहिनीवर ठेवली.

६. पाते आणि घमेले

खऱ्या बुलडोझरचे पाते तेलाच्या दाबावर हलते. लहान पंप व सिलिंडर मिळतात, परंतु ते महाग असतात आणि गळतात. आम्ही सहा मिलिमीटरचा आटे पाडलेला रॉड वापरला. त्याच्या एका फेऱ्यात नट एक मिलिमीटर सरकते. मिनिटाला ३०० फेऱ्यांची छोटी मोटार लावली की आठ सेकंदांत नट चार सेंटिमीटर सरकते आणि तरफेने पाते त्याच्या दुप्पट उचलले जाते. वीज बंद केली तरी आट्यांमुळे पाते जागीच राहते.

मूळ यंत्राचे पाते एका रेट्यात सुमारे चार घनमीटर माती ढकलते. आमचे पाते सव्वादोन लिटर. हा हिशेब मांडताना घरात आईची आठवण निघाली. १९७२ च्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर होती. आम्ही तेव्हा बांधाच्या सावलीला पाळण्यात. तिच्या डोक्यावरच्या घमेल्यात पंधरा किलो माती धरली, तर एक घनमीटर सुटी माती हलवायला शंभर खेपा होतात. म्हणजे बुलडोझरचा एक रेटा म्हणजे आईच्या चारशे खेपा. यंत्र माणसाला पशूवत कष्टांतून सोडवून फुरसत आणि संस्कृतीची वाट मोकळी करते, अशी भूमिका बाबासाहेबांनी १९४५ साली गांधीवादाची चिकित्सा करताना मांडली होती. पुस्तकात अनेकदा वाचलेले ते म्हणणे आम्हांला चारशे या आकड्याने नव्याने समजले. अर्थात हेच यंत्र पहाटे एखाद्या वस्तीवर चालून आले, तर चारशे घमेल्यांनी उभारलेले घर एका रेट्यात आडवे करते. दांडी कोणाच्या हातात आहे आणि त्याला जाब कोण विचारतो, हा प्रश्न यंत्राबरोबर शिकविलाच पाहिजे.

७. पट्टा उतरला

पहिली चाचणी अंगणात झाली. यंत्र सरळ दोन हात गेले, वळविताच खडखड आवाज झाला आणि डावा पट्टा दातेरी चाकावरून उतरला. पुन्हा चढविला, पुन्हा उतरला. आम्ही ताण वाढविला तर मोटार अडू लागली. मग मोटार बदलली, वेग-नियंत्रक बदलला, रोलरना दोष दिला. पंधरा दिवस असे गेले.

त्याच सुमारास एक माजी विद्यार्थी भेटीस आला. तो औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर आहे. “जय भीम, सर,” म्हणून तो आत आला आणि बसण्याआधीच यंत्राजवळ वाकला. मोटारीकडे त्याने पाहिलेही नाही. दोन्ही पट्टे सोडवून टेबलावर ताणून ठेवले आणि स्टीलची पट्टी मागितली. दहा कड्यांचे माप १७० मिलिमीटर यायला हवे. उजव्या पट्ट्याच्या सुरुवातीच्या दहा कड्या जेमतेम अर्ध्या मिलिमीटरने जास्त भरल्या. डाव्या पट्ट्याच्या शेवटच्या दहा कड्यांचे माप १७५ च्या पुढे गेले. पूर्ण पट्टा ६४६ मिलिमीटरचा हवा होता. उजवा ६५२ आणि डावा ६६३ निघाला.

“सर, पट्ट्यांवर खुणा कशा केल्या?” त्याने विचारले.

आम्ही सांगितले की, पहिली कडी मोजून केली, तिच्यावरून दुसरी आखली, दुसरीवरून तिसरी, आणि त्याच क्रमाने ओवत गेलो.

तो थोडा थांबला आणि संकोचाने म्हणाला, “म्हणजे नकलेवरून नक्कल झाली, सर. वर्गात तुम्हीच सांगायचात ना, प्रतीवर विश्वास ठेवू नका, मूळ कागद पाहा म्हणून?”

हस्तलिखिताची प्रत करताना एका लेखनिकाची चूक दुसरा उतरवितो, दुसऱ्याची भर घालून तिसरा, आणि शेवटी मूळ मजकूर ओळखू येत नाही, हे आम्ही प्रत्येक वर्गाला साधनांचा पाठ शिकविताना सांगत आलो. आणि आमच्याच हाताने ७६ वेळा तेच केले होते. प्रत्येक नकलेत चूक शतांश मिलिमीटरची होती. डोळ्यांना ती दिसत नव्हती. बेरजेत ती १७ मिलिमीटर झाली.

दुसऱ्या रविवारी तो एक जिग घेऊन आला. पोलादाचा छोटा ठोकळा, त्यात १७ मिलिमीटर अंतरावर दोन कठीण नळ्या बसविलेल्या. पट्टी ठोकळ्यात सरकवायची, नळीतून ड्रिल घालायचे. मोजणे नाही, खूण करणे नाही. प्रत्येक पट्टीचा संबंध थेट मूळ मापाशी. सर्व १५२ पट्ट्या आम्ही पुन्हा केल्या. आधीच्या कामाला चार महिने लागले होते. या वेळी पाच रविवार पुरले. पट्टा त्यानंतर उतरलेला नाही.

८. ऋण

आता लेखाच्या प्रारंभी सांगितलेल्या ऋणाकडे वळतो. हा विद्यार्थी दहावीत असताना इतिहासात काठावर होता. सनावळी चुकली म्हणून एकदा भर वर्गात आम्ही त्याला म्हणालो होतो, “पुस्तक तुझे काम नव्हे. तू पाना-पक्कडच धर.” वर्ग हसला होता. तो आयटीआयला गेला तेव्हा आमचे म्हणणे खरे ठरले, असेच आम्हांला वाटले. कामांची प्रतवारी लावून माणसांची प्रतवारी करणाऱ्या व्यवस्थेवर आम्ही वर्षानुवर्षे व्याख्याने दिली. आणि पुस्तक वर, पाना खाली, ही तीच उतरंड आमच्या तोंडून शिक्षा म्हणून बाहेर पडली. ज्या पाठात तो नापास होईल असे आम्ही म्हणत होतो, तो पाठ त्याच्या हातांत जिवंत होता. विसरलो होतो ते आम्ही.

जिग बसवून झाल्यावर आम्ही त्याला ते वाक्य आठवते का, असे विचारले. तो म्हणाला, “आठवते, सर.” एवढेच बोलून तो कानशीतील लोखंडाचा कीस ब्रशने झाडू लागला. आम्ही त्याची क्षमा मागितली. या स्मरणिकेच्या पानावर, तेव्हा हसलेल्या वर्गासमोर, ती पुन्हा मागत आहोत.

प्रतिकृती आता शाळेच्या विज्ञान कक्षात ठेवली आहे. तिच्याशेजारी दोन वस्तू आहेत : तो पोलादी ठोकळा आणि तारेत ओवलेल्या जुन्या, चुकीच्या कड्या. नव्या मुलांना आम्ही आधी त्या कड्या मोजायला देतो. माजी विद्यार्थी आणि पालक यांना आमची विनंती आहे की, ज्यांच्या हातांत फिटरचे, टर्नरचे, वेल्डरचे, वायरमनचे, गवंड्याचे वा सुताराचे कसब आहे, त्यांनी महिन्यातून एखादा रविवार शाळेला द्यावा. मुलांना ते शिकवावे आणि आम्हां शिक्षकांनाही. शेगडा, कानशी आणि ड्रिल यांची सोय शाळेत झाली आहे. सतरा मिलिमीटरचे मूळ मापही तेथेच आहे.